आठ पानांत न मावलेली साक्ष

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या अक्कावर. ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी, दुपारी साडेतीन वाजता, चर्चच्या मागच्या खोलीत, एक पातं वाकडं असलेल्या पंख्याखाली. करणारे तिघं: आमचे पाळकसाहेब, मंडळीच्या पंचांपैकी एक निवृत्त हेडमास्तर, आणि मी.

हे असं सुरू करायची मला सवय आहे. बिडी कामगार बायकांच्या संघटनेत मी पत्रकं लिहिते. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते, दुसऱ्या ओळीत केव्हा आणि कुठे ते, तिसऱ्या ओळीत कुणी केला ते. चौथ्या ओळीपर्यंत वाचणारा थांबेलच असं नाही, म्हणून बाकीचं रडगाणं नंतर. त्या तिसऱ्या ओळीत आजवर कारखानदार असायचा, ठेकेदार असायचा, फार तर एखादा साहेब. स्वतःला तिथे बसवायची वेळ पहिल्यांदाच आली. पण शिस्त म्हणजे शिस्त.

आता रडगाणं.

बाहेर लोकांचा एक समज पक्का आहे. चर्चवाले माणसं ओढून नेतात, गोड बोलतात, काहीबाही हातात ठेवतात आणि डोक्यावर पाणी घालून मोकळे होतात. असं म्हणणाऱ्या सगळ्यांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. आमच्या चर्चला या आणि बाप्तिस्मा मागून दाखवा. तहसील कचेरीत कधी दाखला काढलाय? ते सोपं वाटेल. अक्का अकरा वर्षं आमच्या दारात आहे. तिला कुणी ओढलं नाही. उलट ती आत येऊ नये म्हणून आम्ही केवढी पूर्वतयारी केली, हे ऐकलंत तर तुमची आमच्यावरची सगळी शंका फिटेल.

अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या घरात राहणारी तेलुगू बाई. नवरा मागावर कामाला होता, तो केव्हाच गेला. मुलगी मैंदर्गीला दिलेली. उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन, दिवसभर बिड्या वळते. तिचं नाव गल्लीत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तिच्यापेक्षा मोठ्या बायकासुद्धा तिला अक्काच म्हणतात. मराठी सोलापुरी, त्यात तेलुगू हेल. तोंड फटकळ. संत-बिंत काही नाही. नळाला पाणी आलं की तिच्या पुढे कुणी घागर सरकवून दाखवावी.

ती चर्चला पहिल्यांदा आली ती माझ्यामुळे. म्हणजे मी नव्हते, त्यामुळे.

माझ्या आईला दमा होता, आणि पुढे पुढे हातही थरथरायला लागले. रविवारी तिला चर्चला न्यायचं काम माझं. पण बिडीच्या बायका हमखास घरी सापडतात त्या रविवारीच, त्यामुळे आमच्या सगळ्या बैठका रविवारी सकाळी. मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून निघायची आणि आई पायरीवर पांढरी साडी नेसून बसलेली असायची. एका रविवारी मी दारातच घुटमळत होते, तेव्हा अक्का सूप बाजूला ठेवून उठली.

"तू जा गं तुज्या मोर्चाला. आईला मी नेते. तितं बसाया पंखा तरी हाय."

"अक्का, तुला कशाला त्रास?"

"मग तू नेतीस व्हय?"

मी नेलं नाही. शहरभर फिरून अन्याय शोधत होते ना. त्या दिवसापासून आईचा दंड धरून अक्का जायला लागली.

तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, दोघी बसायच्या. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. त्यात एवढासा पेला, त्यात घोटभर द्राक्षरस. आईच्या हातात तो पेला नाचायचा. मग अक्का तो धरायची, आईच्या ओठांना लावायची आणि पदराच्या टोकाने तिची हनुवटी टिपायची. स्वतः तिने त्यातला थेंब कधी घेतला नाही. घेऊ नको असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांचंच हे जेवण, एवढं तिचं तिला समजलं होतं. सात वर्षं दुसऱ्याच्या तोंडाला पेला लावायचा आणि आपलं तोंड मिटून बसायचं. आमच्यातल्या किती जणांना जमलं असतं, मला शंका आहे. आम्ही तर पेल्यांची ताटली दुसऱ्या बाजूच्या बाकांकडे आधी का गेली यावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नाही.

आई गेली. त्यानंतरच्या रविवारी अक्का एकटी आली आणि त्याच बाकावर बसली. वर्षभराने तिने पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, मलाबी बाप्तिस्मा द्या."

पाळकसाहेब म्हणाले, "बघू."

हा 'बघू' आमच्या मंडळीत फार जुना आहे. घंटा बसवली त्याच्याही आधीचा असावा. त्यानंतर तीन वर्षं अक्का अधूनमधून विचारत राहिली आणि पाळकसाहेब बघत राहिले. माणूस वाईट नाही. कुणाला नाही म्हणवत नाही, आणि होही म्हणवत नाही.

मग यंदा पाळकसाहेब पुण्याला कुठल्या तरी शिबिराला गेले, आणि परत आले ते ख्रिस्तानंतरच्या सुरुवातीच्या शतकांतली मंडळी बरोबर घेऊनच. वहीभर टिपणं काढली होती. पंचांच्या बैठकीत त्यांनी ती मोठ्याने वाचली. मी तरुण संघाची म्हणून कोपऱ्यात बसले होते.

"आपण फार सैल झालोय," पाळकसाहेब म्हणाले. "तेव्हा बघा. बाप्तिस्मा मागितला की लगेच मिळत नव्हता. दोन-दोन, तीन-तीन वर्षं नुसतं ऐकायला बसवायचे. काय धंदा करतोस, ते विचारायचे. आणि प्रभुभोजनाच्या आधी या ऐकणाऱ्यांना उठवून बाहेर पाठवायचे."

"बाहेर?" सर एकदम सरळ बसले. सर म्हणजे ते निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटून बारा वर्षं झाली, पण कुणाला तरी वर्गाबाहेर उभं करायचं त्यांचं सुख तेव्हापासून राहून गेलं होतं. "हे उत्तम आहे. हे आपण सुरू करू."

वहीत आणखी बरंच होतं. ईस्टरच्या आधी कित्येक दिवस उपास. पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचं, मग पूर्वेकडे वळून ख्रिस्ताला हो म्हणायचं. पाण्यातून बाहेर आल्यावर पांढरी वस्त्रं, आणि काही ठिकाणी दूध आणि मध. एकेक कलम चर्चेला आलं. उपास आपण नको, उमेदवारांनी करावा असं ठरलं. आमच्याकडे पश्चिमेला तोंड केलं की समोर शेजारच्यांचं बाथरूम येतं, म्हणून सैतानाला नाकारणं रद्द. मधाने मुंग्या होतात, म्हणून मधही रद्द. तीन वर्षं थांबवणं मात्र सर्वांना एकमताने पटलं, आणि बाहेर पाठवणं तर इतकं पटलं, की ते येत्या रविवारपासूनच लागू झालं. म्हणजे जुन्या मंडळीचं आम्ही केलं काय, तर कुलूप तेवढं उचलून आणलं. किल्ली तिथेच राहिली.

"आणि एक पुस्तिका हवी," सर म्हणाले. "प्रश्नोत्तरांची. शेवटी लेखी परीक्षा." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही लिहील. हिला सवय आहे."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. चर्चमध्ये माझ्या पत्रकांचं नाव निघालं की लोक तोंड फिरवतात. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, की हिला लिहिता येतं. पाळकसाहेबांनी वही माझ्या हातात दिली आणि मी ती घरी आणून दोन दिवस वाचली.

त्या वहीत दोन गोष्टी अशा होत्या, ज्या बैठकीत कुणी नीट ऐकल्या नव्हत्या. पहिली अशी, की मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाचं ते ठरलेलं कथन, उमेदवाराला लिहून द्यायचं नाही अशी तेव्हाची रीत होती. तोंडाने सांगायचं, कानाने घ्यायचं, मनात ठेवायचं, आणि ईस्टरच्या आधी सगळ्यांसमोर तोंडाने परत करायचं. कागदावर मांडायला बंदी.

दुसरी गोष्ट साक्षीदाराची. उमेदवार एकटा यायचा नाही. त्याला ओळखणारं मंडळीतलं माणूस त्याच्याबरोबर यायचं आणि शेवटी विचारलं जायचं ते त्या माणसाला. हा विधवांशी कसा वागला? आजाऱ्याला भेटायला गेला का? साक्षीदार हो म्हणाला, की दार उघडं.

मी काय केलं? मतांगीकार ठळक टाइपात, चौकट टाकून, तिसऱ्या पानावर छापला. आणि साक्षीदाराचं कलम गाळलं.

का गाळलं ते ज्याने कधी पत्रक छापलंय त्याला चटकन कळेल. घडीची छपाई चार पानांच्या पटीत होते. माझी आठ पानं गच्च भरली आणि साक्षीदाराच्या सात ओळी उरल्या. सात ओळींसाठी बारा पानं करायची, तर मागची कोरी दिसणार. काय गाळावं म्हणून मी सगळं पुन्हा वाचलं. बत्तीस प्रश्न, उत्तरं, सूचना. सूचनांत एक माझी स्वतःची ओळ होती: 'उत्तरे स्वच्छ अक्षरात लिहावीत.' ती मी ठेवली. साक्षीदार म्हणजे इतिहासातली एक गंमत, असं ठरवून त्या सात ओळींवर काट मारली. पुस्तिका देखणी झाली. सर म्हणाले, "व्वा."

याच बाईने, म्हणजे मी, बिडीच्या एकाही बाईच्या हातात पत्रक देऊन कधी काम संपलं असं मानलेलं नाही. तिथे मी उंबऱ्यात बसून पत्रक मोठ्याने वाचते, कारण हात सुपात असतात आणि निम्म्या जणींना अक्षर येत नाही, हे मला पाठ आहे. अक्का तर मला कायम म्हणायची, "वाच वाच. तुजा कागुद लई चांगला हाय, नंतर तंबाकू बांदाया येतोय." पण चर्चची पायरी चढले आणि हे सगळं विसरले. तिथे मला सुशिक्षित दिसायचं होतं.

पहिल्या रविवारी प्रवचन संपलं, पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, की प्राचीन मंडळीच्या पवित्र रीतीप्रमाणे, ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी आता शांतपणे बाहेर जावं. प्राचीन मंडळीत अशी बरीच माणसं असतील. आमच्याकडे त्या दिवशी एक होती. दोनशे माणसांसमोर अक्का तिसऱ्या बाकावरून उठली, पदर सारखा केला आणि मधल्या वाटेने दारापर्यंत चालत गेली. सर मागून दार लावायला गेले. अगदी हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून. पावित्र्य जपायचं तर नीट जपावं.

उपासना संपल्यावर बाहेर आले, तर ती कडुनिंबाखाली, चपलांच्या ढिगापाशी बसलेली. सोलापुरातलं मार्चचं ऊन, आणि त्या झाडाची पानं नेमकी तेव्हाच झडलेली.

"अक्का, इथे कुठे बसलीस उन्हात?"

"आत सोवळं सुरू झालंय म्हणं." तिने माझी चप्पल शोधून माझ्यापुढे सारली. "तुज्या आईचा पेला धरत हुते, तवा कुणी बाहीर जा म्हणलं न्हाय. आता धराया पेला न्हाय, तर माजंबी काम न्हाय व्हय?"

मी म्हटलं, परीक्षा झाली की सगळं सुरळीत होईल. पुढची काही वर्षं मला कुणी लाज कशी असते विचारलं, तर मी हे वाक्य सांगणार आहे.

शनिवारचा वर्ग माझ्याकडे. उमेदवार दोन. अक्का, आणि एका बँकेत काम करणारा तरुण. त्याचं आमच्याच मंडळीतल्या मुलीशी लग्न ठरलं होतं आणि लग्न चर्चमध्ये लावायचं तर बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. त्याच्यासाठी तीन वर्षांचा नियम तीन आठवड्यांचा झाला, कारण हॉल आधीच ठरलेला होता. मुलगा साधा होता, त्याला उगाच बोल लावणार नाही. पुस्तिका चाळायचा, फोन वाजला की बाहेर जायचा. अक्का पुस्तिका मांडीवर पालथी ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी मतांगीकार वाचायला घेतला की ती माझ्याबरोबर ओठ हलवायची. मला वाटायचं, नक्कल करतेय.

मग तो शनिवार.

टेबलामागे सर आणि पाळकसाहेब. बाजूला मी, माझ्यापुढे छापील प्रश्नपत्रिका. बँकेतल्या मुलाने वीस मिनिटांत लिहून दिली आणि त्याला हसतमुखाने जा म्हणून सांगितलं. तो जाईना, बाकाच्या टोकाला बसून राहिला. अक्काने कागद घेतला, उलटसुलट केला आणि नीट घडी घालून परत टेबलावर ठेवला.

"मला लिव्हाया येत न्हाय, सर. तोंडानं इचारा की."

"तोंडी परीक्षेची तरतूद नाही," सर म्हणाले, आणि माझी पुस्तिका उघडून माझ्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. स्वच्छ अक्षरात लिहावीत."

पाळकसाहेब चुळबुळले. "एखाददोन विचारू या ना, सर."

"बरं. धंदा?"

"बिड्या वळते."

"हां." सर मागे रेलले. "प्राचीन मंडळीत धंदा पारखून घेत. तंबाखू म्हणजे शरीराचा नाश. हे काम सोडाल?"

अक्काने त्यांच्या खिशाकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या सदऱ्यातून तंबाखूच्या डबीचा गोल उमटला होता. गेली कित्येक वर्षं उमटतोय.

"मी वळते सर, तुमी मळता. आदी कुणी सोडायचं ते सांगा, मी तयार हाय."

बँकेतला मुलगा खोकला. पाळकसाहेबांनी वहीत डोकं घातलं. सरांनी डबी खिशात आणखी खाली ढकलली आणि पुढचा प्रश्न विचारला. आवाज आता वर्गातला होता.

"ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये सांगा. पुस्तिकेत पाच दिली आहेत."

"आजारी माणसाकडं जावं. बसावं त्येच्यापाशी."

"हे एक झालं. कुणाकडे गेलात?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं.

एवढंच. मागणं नाही, आर्जव नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. 'हिच्या आईकडं' असं दोन शब्दांत तिला सांगता आलं असतं. ते तिने माझ्यावर सोडलं. मी प्रश्नपत्रिकेच्या कडा जुळवत बसले.

"मतांगीकार म्हणा," सर म्हणाले.

तिने डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. पहिलं वाक्य अर्ध्यात आलं आणि थांबली. श्वास घेतला. पुढे गेली. येशूला क्रुसावर देणाऱ्या रोमी सुभेदाराचं नाव येतं त्याच्या अलीकडे पुन्हा थांबली. पुन्हा श्वास. जिथे स्वल्पविराम नाही, जिथे कुणीही थांबत नाही, तिथे थांबत होती, आणि मग एका दमात चार शब्द.

माझ्या हातातले कागद हलायचे बंद झाले. कारण ते थांबे मला माहीत होते. पहिला रेशनच्या दुकानाच्या कठड्यापाशी, दुसरा पानपट्टीपुढे, तिसरा चर्चच्या फाटकात. आईचा दमा. आईने आयुष्यभर रविवारी मुलांची शब्बाथशाळा घेतली होती. रस्त्यातसुद्धा शिकवल्याशिवाय तिला राहवलं नसणार. धाप लागली की थांबायचं, एक तुकडा सांगायचा, पुन्हा दोन पावलं. अक्काने तो तुकड्या-तुकड्यांनी जसा मिळाला तसाच्या तसा ठेवला होता, धापेसकट. तोंडाने दिलेलं, कानाने घेतलेलं. पाळकसाहेबांच्या वहीत जे जुन्या काळचं म्हणून लिहिलं होतं, ते आमच्या गल्लीतून चर्चपर्यंतच्या रस्त्यावर सात वर्षं चालू होतं, आणि मला पत्ता नव्हता. मी ते चौकटीत छापत होते.

तिचा एक शब्द चुकला नाही. सरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'अडखळते. पुढील वर्षी.'

मी बोलले नाही. कारखान्याच्या फाटकावर भोंगा हातात नसला तरी माझा आवाज रस्त्यापलीकडे जातो. त्या खोलीत माझ्याशिवाय चार माणसं होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ही पुस्तिका चुकीची आहे असं म्हणायचं, तर ती मी लिहिलीय असंही म्हणावं लागणार होतं.

अक्का उठली. "जाते. पानं भिजत घातल्यात, कुजतील."

फाटकापाशी मी तिला गाठलं. तिने मला बोलूच दिलं नाही.

"मालकापुढं लई बोलतीस की गं. हितं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी, झावळ्या हलवून झाल्यावर, मी ती वही घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. सरही तिथेच होते. साक्षीदाराचं पान उघडून मी मोठ्याने वाचलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

"अरे, हे राहूनच गेलं आपलं."

"राहिलं नाही, साहेब. मी गाळलं. आठ पानांत बसत नव्हतं." आणि मग जे आदल्या दिवशी सांगायचं होतं ते सांगितलं. पेला, हनुवटी, रस्ता, धाप, सगळं. "तिची साक्षीदार मी. आत्ता लिहून घ्या."

पाळकसाहेबांना पटलं. डोळे पुसले त्यांनी. पण सर हेडमास्तर आहेत. "एकाने भागत नाही. दोन साक्षीदार हवेत. मंडळीचे जुने सभासद, निदान पाच वर्षांचे. आणि सभेत उभं राहून सांगायला हवं."

मी म्हटलं, दुसरा आत्ता आणते. मला खात्री होती, कारण अक्का काय फक्त माझ्याच आईपाशी बसली होती? तिसऱ्या गल्लीतल्या रिटायर्ड कारकुनांची बायको पाय मोडून पडली, तेव्हा दुपारी तिला उठवून बसवायला कोण जायचं? मी त्यांच्याकडे गेले. चहा दिला त्यांनी.

"बाई सोन्यासारखी आहे हो," ते म्हणाले. "आमचे फार उपकार झालेत."

"मग सभेत एवढंच सांगा, काका."

"सांगितलं असतं. पण सरांना काय वाटेल? आमचं जाणं-येणं आहे."

आणखी दोन घरं झाली. दोन्हीकडे बाई सोन्यासारखीच होती. दोन्हीकडे "बघू."

ईस्टर आला. बँकेतल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. फोटो निघाले. बाहेर येऊन तो ओल्या केसांनी बूट घालायला कडुनिंबाखाली बसला, तर शेजारी अक्का.

"अक्का, तुमचं कसं काय नाही झालं?"

"माजं अक्षर खराब हाय म्हणं."

त्याने बुटाची नाडी तशीच सोडली. मग उठून माझ्याकडे आला. "ताई, मला तो मतांगीकार पाठच नव्हता. वर्ग सुटल्यावर बाहेर मी अक्कांच्या मागं मागं म्हणून शिकलो. मी होतो की साक्षीदार." मी त्याला सरांकडे नेलं. सर म्हणाले, "तुमच्या सभासदत्वाला आज दीड तास झाला आहे." बरोबरच होतं. स्वतः आत यायला त्याला तीन आठवडे लागले, दुसऱ्याला आत घ्या म्हणायला पाच वर्षं लागणार होती.

आता ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, पुन्हा बाप्तिस्मे आहेत. त्याच्या आदल्या रविवारी मंडळीची सभा. मी उभी राहणार आहे. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती मी अक्काला देऊन टाकल्या. तंबाखू बांधायला येतात. या रविवारीही प्रवचन संपल्यावर ती उठली आणि त्या वाटेने दारापर्यंत गेली. तिसरा बाक खिडकीशी रिकामा राहिला. माझ्या हातात पेला आला तेव्हा तो हलत होता, आणि धरायला कुणी नव्हतं.

एक साक्ष झाली आहे. दुसरी हवी आहे.

तुम्ही आमच्या मंडळीचे असाल, तर तुम्हाला ठाऊक आहे मी कुणाबद्दल बोलतेय, आणि ती तुमच्या घरी कुणापाशी बसली होती तेही ठाऊक आहे. सभेला या. सरांशी जाणं-येणं असू द्या. उभे राहा आणि बोला. आमच्या मंडळीचे नसाल, तरी सुटका नाही. तुमच्या घरच्या आजाऱ्याच्या ओठांना कुणीतरी पेला लावला असेलच. ती बाई आज कुठल्या दाराबाहेर, कुणाच्या चपलांपाशी बसलीय, ते शोधा. मग त्या दाराच्या आत जा आणि चारचौघांसमोर, तोंडाने, ती तुमच्यासाठी काय झाली ते सांगा. लिहून देऊ नका. लिहून द्यायचं काम मी करून बसलेय.